वाकडा चार

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामाने मला बजावलं होतं. ओरडून नव्हे, मामा ओरडत नाही. हात पुसायची चिंधी खांद्यावर टाकून तो एवढंच म्हणाला, "हे आपल्या दोघांत." मी मान हलवली. म्हणून मी सांगत नाही, लिहिते आहे, आणि लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे अशी स्वतःची समजूत घालून घेतली आहे. या गोष्टीत एक भाची येते. ती कोण हे ओळखायला फार डोकं लागणार नाही, पण मी तिला भाचीच म्हणणार. 'मी' लिहिलं की माझा हात अडतो. शिवाय गोष्ट तिची नाहीच, मामाची आहे.

मामाचं गॅरेज जुन्या गाड्यांचं. रस्ता जिथे वळण घेऊन चढाला लागतो, तिथे. एकच शटर, आत लांबट खोली, मागच्या भिंतीत उंचावर एक तावदान, डाव्या भिंतीवर पाने टांगलेले. प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ रंगवलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला की भिंतच बोंब मारते. दाराजवळ एक मोडकी खुर्ची. शाळा सुटली की भाची तिथे बसून अभ्यास करायची, कारण तिची आई, म्हणजे मामाची ताई, कामावरून उशिरा यायची.

मामाची एक सवय होती. सकाळी शटर वर केलं की आणि संध्याकाळी ते खाली ओढण्याआधी, तो गॅरेजमधल्या प्रत्येक इंजिनावर एकदा तळहात ठेवायचा. त्याच्या वस्तादाने लावलेली सवय. "आधी हात, मग हत्यार," असं वस्ताद म्हणायचा. शेजारच्या दुकानातला वेल्डर, ज्याला सगळे ठिणग्या म्हणतात, तो यावरून मामाला सतत चिडवायचा. "घे, पापा पण घे त्यांचा. अंगाई म्हण." मामा हसायचा आणि हात फिरवतच राहायचा.

त्या संध्याकाळी तो असाच फिरत फिरत मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे एका हिरव्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं, वर गोणपाट. त्यातलं तेल काढलेलं, पाणी काढलेलं, एक वायर म्हणून शिल्लक नव्हती. त्याच्यात आणि दगडात काही फरक नव्हता.

मामाने गोणपाटाखाली हात घातला आणि लगेच बाहेर काढला. हाताकडे पाहिलं. पुन्हा घातला.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाला. पण हात त्याने तसाच ठेवला होता.

इंजिन कोमट होतं. अंगात कसर असली की लहान मुलाचं कपाळ हाताला लागतं, तसं.

२

ती हिरवी गाडी बाईंची. बाईंनी आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून सगळा रस्ता त्यांना बाईच म्हणतो. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली, पाठीला गोलसर, पुढचे दिवे सतत आश्चर्य वाटल्यासारखे. यजमान गेले, गाडी शेडमध्ये उभी राहून गंजली, आणि बाईंची नजर हळूहळू जात जात आता नुसता उजेड-अंधार कळण्यापुरती उरली.

मुलाचा हात धरून त्या पहिल्यांदा गॅरेजमध्ये आल्या तेव्हा भाची खुर्चीवरून उठून उभी राहिली. बाईंनी हात पुढे केला, भाचीने तो धरला. बाईंनी तिची बोटं एकेक करून चाचपली आणि म्हणाल्या, "डावखुरी. आणि पेन फार दाबून लिहितेस. एवढा राग कुणावर?"

भाची कानापर्यंत लाल झाली. आजवर कुणाला तिचा राग दिसला नव्हता.

मग बाईंनी मामाचा हात घेतला. "हा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, मला गाडी जशी होती तशी हवी. नवी नको. नवी मला ओळखता येणार नाही."

मामाने बॉनेट उघडलं. बाई पुढे वाकल्या आणि कुणाला काही न विचारता त्यांचा हात इंजिनाच्या कडेने सरकत सरकत एका सपाट पट्टीवर जाऊन थांबला. तिथे इंजिनाचा नंबर ठोकलेला होता.

"डोळे जायला लागले तेव्हा ह्यांनीच शिकवलं मला. म्हणाले, आता गाडीत बसण्याआधी हिला बोटांनी विचारायचं, तू कोण म्हणून." बाई हसल्या. "हा चार बघा. वाकडा आहे. ठोकणाऱ्याचा हात हलला असणार. हा चार बोटाला लागला ना, की वाटतं, हे आहेत इथेच कुठेतरी, किल्ली शोधतायत. मग मी निश्चिंत बसते."

"आई," मुलगा म्हणाला, "मिस्त्रींना कामं आहेत."

"असू देत. त्यांचा हात काही घाईत नाहीये."

३

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला.

"मिस्त्री, आमचं घर टेकडीवर. हे इंजिन म्हणजे दमेकरी म्हातारं, अर्ध्या चढात बसकण मारतं. मोठं टाका ना एखादं."

"बाई नको म्हणाल्यात."

"आईला कशाला सांगायचं? तिला फिरायला मिळाल्याशी मतलब. उगाच जिवाला लावून घेईल."

मामाने नाही म्हणायला हवं होतं. पुढे त्याने हे भाचीला कितीदा तरी सांगितलं. पण खरं कारण मुलाचा आग्रह नव्हताच. इवल्याशा गाडीत मोठं इंजिन बसवून दाखवायची मामाला कित्येक वर्षांची हौस होती. वस्तादाने ते कधी करू दिलं नव्हतं. संधी पायांनी चालत आली, आणि मामाची जीभ टाळ्याला चिकटली.

मोठं इंजिन त्याने एका दुधाच्या व्हॅनमधून मिळवलं. व्हॅनचा सांगाडा गंजून गेलेला, इंजिन मात्र ठणठणीत. त्या व्हॅनचा कधी अपघात झाला नव्हता, त्यात कुणी मेलं नव्हतं. मामाने नंतर खास जाऊन चौकशी केली. तसं काही निघालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

काम जिकिरीचं होतं. धाकट्याच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबायचं म्हणजे काय ते भाचीने तेव्हा पाहिलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा हातोडीने मागे ठोकावा लागला. जुने आधार कापून नवे वेल्ड करावे लागले. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. ठिणग्या वेल्डिंग करता करता म्हणाला, "बॉनेट बंद होईल ना रे? का वरून टोपरं घालणार?"

बॉनेट बंद झालं. बोटभर जागा उरली. मामाने शीळ घातली.

आणि मग त्याला नंबर आठवला.

मोठ्या इंजिनाच्याही पट्टीवर नंबर होता, पण तो व्हॅनचा. बाईंचं बोट तिथे गेलं की खेळ खलास. मामाने तो नंबर ग्राइंडरने उडवला, पट्टी पॉलिश पेपरने साफ केली आणि पेटीतून आकड्यांचे पोलादी ठसे काढले. भाचीने टॉर्च धरला. बाकीचे आकडे सोपे होते. चारासाठी त्याने आधी पत्र्याच्या तुकड्यावर सराव केला, हात नेमका किती हलवायचा, कुठे हलवायचा. पत्राभर वाकडे चार झाले.

"खोटं काम इतकं मन लावून मी कधी केलं नव्हतं," तो पुटपुटला.

शेवटी त्याने ठसा मोठ्या इंजिनावर टेकवला आणि हातोडी मारली. टण्.

मागच्या कोपऱ्यातून, गोणपाटाखालून, टण् असं उत्तर आलं.

"घुमतं इथे," मामा म्हणाला. भाचीने मान वळवून गोणपाटाकडे पाहिलं. गॅरेजमध्ये ती रोज बसायची. तिथे काहीच घुमत नाही.

४

तर ते जुनं इंजिन कोमट लागलं, ते मोठं इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी.

मामा विचारी माणूस आहे. त्याने आधी तावदानाला दोष दिला; दुपारचं ऊन तिथून आत येतं. मग भिंतीला, पलीकडे ठिणग्याचं वेल्डिंग चालतं. त्याने चेन-पुली लावून इंजिन समोरच्या भिंतीशी हलवलं. तिथे ऊनही नव्हतं आणि ठिणग्याही नव्हता. दुसऱ्या दिवशी मामा गाडी चाचणीसाठी वळणापर्यंत नेऊन आला, आणि आल्या आल्या त्याने गोणपाटाखाली हात घातला. कोमट नव्हतं. चांगलं गरम होतं.

गाडी बाहेर काढली नाही त्या दिवशी ते गार राहिलं.

"मामा," भाची म्हणाली, "ती चालू केली की हे तापतं."

"तू तुझी गणितं सोडव."

"हेही गणितच आहे."

मामाने चिंधी झटकली. "आगाऊ," तो म्हणाला, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तुम्ही कधी ऐकलं असेल, इंजिन बंद केल्यावर निवताना त्याचं लोखंड टिक टिक वाजतं. नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीतून तसा आवाज येत होता. टिक. मग जरा थांबून, टिक. आणि भिंतीशी ठेवलेल्या गोणपाटाखालूनही येत होता. आधी भाचीला वाटलं, एक वाजतं आणि दुसरं उत्तर देतं. तसं नव्हतं. दोन्हीकडे एकच टिक होती, एकाच क्षणी. डोळे मिटले तर ती कुठून आली ते सांगता आलं नसतं.

५

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा केसांना तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मुलगा मामाकडे बघून डोळे मिचकावत होता.

मामाने बॉनेट उघडलं. बाई वाकल्या. त्यांचा हात इंजिनाच्या कडेने निघाला आणि मधेच बावरला, कारण पट्टी नेहमीच्या जागी नव्हती. मोठं इंजिन, सगळं जरा वर आलेलं. मग बोटांना पट्टी सापडली. एक आकडा, दुसरा, तिसरा. चारावर बोट थांबलं. त्याच्या वाकड्या पायावरून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"हो," बाई म्हणाल्या. "हेच."

आणि त्यांनी मामाचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. मामापेक्षा वयाने केवढ्या तरी मोठ्या! मामाचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली.

"बाई, असं नका करू," तो कसंबसं म्हणाला.

"का नको? ह्यांना परत आणलंत तुम्ही."

मुलाने किल्ली फिरवली. इंजिन घुमलं, दणदणीत, गाडीच्या काचा थरथरल्या. "आई, बघ कसं तरुण केलंय मिस्त्रींनी!"

बाई मात्र मान कलती करून ऐकत होत्या. मग त्यांनी गाडीकडे नाही, खोलीच्या पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

"आणि ते दुसरं कोणतं चालू आहे?"

"दुसरं कुठलं, आई? एकच आहे."

"नाही रे. ते बारीक आवाजाचं. धाप लागल्यासारखं." त्यांनी कान आणखी तिकडे केला. "दमलंय बिचारं. मिस्त्री, त्याच्याकडेही बघा हं जरा."

"बघतो," मामा म्हणाला.

६

भंगारवाला दोनदा येऊन गेला. जुनं इंजिन नेतो म्हणाला. मामाने त्याला हात लावू दिला नाही. "राहू दे, पडलंय कोपऱ्यात. काही खायला मागत नाही."

एका दुपारी भाची शाळेतून आली तर गॅरेजमध्ये जळका वास भरला होता. गोणपाटातून धूर निघत होता. मामाने ते ओढून फेकलं. जुनं इंजिन इतकं तापलं होतं की त्याच्यावरची हवा लवलवत होती.

"पाणी!" मामा ओरडला. मी म्हटलं होतं, मामा ओरडत नाही. त्या दिवशी ओरडला.

तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतायचं नसतं, बिडाला तडा जातो. हे मामाने भाचीला शंभरदा सांगितलेलं. म्हणून घाई असूनही त्याने धार बारीक धरली. वाफेचा फूत्कार उठला. बादली संपत आली तेव्हा कुठे ते शांत झालं. एवढ्यात फोन वाजला. बाईंचा मुलगा.

"मिस्त्री, मानलं तुम्हाला! टेकडी चढत होतो, काटा एकदम लालमध्ये. म्हटलं आता थांबवावी लागणार, तर आपोआप खाली आला. कुणी पाणी ओतावं तसा!"

"बाई कुठे आहेत?"

"इथेच, शेजारी. गाणं म्हणतेय."

मामाने फोन ठेवला आणि भाचीकडून टॉर्च घेतला. जुन्या इंजिनाच्या अंगावर, खालच्या बाजूला, केसासारखी एक रेघ होती. काल नव्हती. त्याने नखाने चाचपून पाहिली. तडा.

चढ चढायचा मोठ्याने, आणि सोसायचं ह्याने. हे मामा मोठ्याने बोलला नाही, पण भाचीला त्याच्या तोंडावर दिसलं. आणि हे कधीतरी दुभंगलं, तर त्या वेळी बाई कुठे असतील? टेकडीच्या कुठल्या वळणावर?

"बाईंना सांगून टाक ना, मामा."

"सांगतो. रविवारी जाऊन सांगतो."

रविवार आला आणि गेला. मामाने स्वच्छ सदरा घातला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन चपला काढल्या. पुढच्या रविवारी त्याने फोन लावला. बाईंनी उचलून "कोण?" म्हणताच ठेवून दिला. त्याला तो हात आठवत असणार, कपाळाला लावलेला. इंजिन परत बदलता आलं असतं, ते काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते एकच वाक्य. त्या काळात मामा घरी जेवायला आला तरी ताटावर गप्प बसायचा. भाचीची आई म्हणायची, "अरे, तुझं तोंड आहे का कुलूप?"

७

शेवटी मामाने मार्ग काढला. तो भाचीला त्याने खालच्या आवाजात समजावून सांगितला, जणू तीच त्याला अडवणार होती.

इंजिनं दोन, नंबर एक. घोळ तिथे आहे. एकाचा नंबर पुसला की दोघं सुटी झाली. मोठ्याचा पुसता येत नाही, कारण बाईंचं बोट रोज तिथे जातं. म्हणजे मग उरतं हे.

"पण मामा, खरा तर हाच ना?"

सांगण्यापेक्षा घासणं सोपं होतं.

दिवसाउजेडी, शटर अर्धं ओढून, तो कानस घेऊन बसला. ग्राइंडर त्याला नको होता. हे काम हातानेच करायचं म्हणाला. भाचीने टॉर्च धरला. इंजिन कोमट होतं, म्हणजे गाडी कुठेतरी फिरत होती. कानस पुढे-मागे होऊ लागली. आकडे एकेक करून उथळ झाले, मग नुसत्या सावल्या झाल्या, मग गेले. चार त्याने शेवटी ठेवला होता.

कीस खाली पडत होता. भाचीने चिमटीत घेऊन पाहिला. लोखंडाचा कीस टोचतो, चमकतो. हा मऊ होता, राखाडी, बोटांना चिकटत होता. तिने नाकाशी नेला. नख कानशीने घासल्यावर येतो, तसा वास होता.

"मामा, थांब."

"झालंच."

चाराचा वाकडा पाय शेवटी गेला. मामाने तळहात पट्टीवर ठेवला. भाचीने पाहिलं, त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"गार झालं," तो म्हणाला. "बघ, हात लाव. गार."

खरंच गार झालं होतं. मामा कितीतरी दिवसांनी हसला. त्याने ठिणग्याला बोलावून चहा पाजला, आणि ठिणग्या म्हणाला, "काय रे, आज सगळ्यांचे पापे घेतलेस वाटतं."

८

आठवडा जेमतेम गेला असेल. हिरवी गाडी दारात उभी राहिली, आणि तिच्यामागून, मुलाच्या बायकोचा हात धरून, बाई चालत आल्या.

"आईचं काहीतरी बिनसलंय," मुलगा मामाला बाजूला घेऊन म्हणाला. "गाडीत पाऊल टाकत नाही. म्हणते, ही आपली नव्हे."

मामाने बॉनेट उघडलं. त्याने स्वतः ठोकलेला नंबर जसाच्या तसा होता, चार वाकडाच होता. "बाई, हे बघा, इथे." त्याने त्यांचं बोट धरून चारावर टेकवलं.

बाईंनी बोट फिरवलं. खाली, वर. पुन्हा खाली. त्या फिरवतच राहिल्या.

"गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "सगळंच गुळगुळीत झालंय हल्ली, मिस्त्री. भांडी, भिंती, माझीच साडी. काल ह्याच्या तोंडावरून हात फिरवला, तर ह्याला नाक आहे की नाही तेही कळेना."

"डॉक्टर म्हणाले, वयाने होतं," मुलगा घाईने म्हणाला. "बोटांवरच्या रेषा झिजतात म्हणे."

भाची पुढे झाली आणि तिने बाईंच्या हातात आपला हात दिला. डावा. बाईंनी तो धरला, बोटं एकेक करून चाचपली, जशी त्या दिवशी चाचपली होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कोण गं तू?"

भाचीने खाली पाहिलं. बाईंच्या बोटांची टोकं चकचकीत होती. एक रेघ नव्हती. कानशीनंतर पॉलिश पेपर फिरवावा, तशी. आणि गार.

मामानेही पाहिलं. पाहिलं हे मला ठाऊक आहे, कारण त्याने स्वतःचे हात मागे नेले.

बाईंनी चेहरा त्याच्या बाजूला वळवला. "माझी बोटं गेली. आता तुमच्या शब्दावर आहे मी. सांगा मिस्त्री, ही तीच ना? ह्यांचीच? तुम्ही हो म्हणालात तर मी बसते, पुन्हा विचारणार नाही."

मामा आजवर बाईंशी एकही खोटा शब्द बोललेला नव्हता. बोटांना फसवलं होतं, तोंडाने काही म्हटलं नव्हतं. तेवढ्या एका धाग्याला तो लोंबकळत होता. आता ते वाक्य त्याच्या ओठांशी येऊन ठेपलं होतं. भाची मनातल्या मनात म्हणत होती, सांग, मामा, सांग.

"हो बाई," मामा म्हणाला. "तीच."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि गाडीत बसल्या.

९

गाडी चढाला लागल्याचा आवाज येईपर्यंत मामा दारात उभा राहिला. मग तो मागे गेला आणि त्याने गोणपाट उचललं. हात लावला नाही. त्या दिवसापासून तो कुठल्याच इंजिनाला हात लावत नाही. सरळ हत्यार उचलतो. ठिणग्यासुद्धा आता चिडवत नाही.

"टॉर्च," तो म्हणाला.

भाचीने उजेड पाडला. घासलेल्या पट्टीवर ओरखडे असायला हवे होते, कानशीचे, सरळ, एकाच दिशेचे. तिथे तसं काही नव्हतं. पट्टीच्या डाव्या टोकाला बारीक रेषा होत्या. गोल, एकात एक, मधे भोवरा. आपल्या अंगठ्यावर असतात तशा. त्या वर उठलेल्या होत्या. काच असावी आणि पलीकडून कुणी बोट टेकवावं, तशा.

"गोणपाट टाक," मामा म्हणाला. आणि मग चिंधी खांद्यावर टाकून ते वाक्य बोलला, जे मी मोडते आहे.

त्यानंतर मामाने भाचीला तिकडे जाऊ दिलं नाही. पण खुर्ची दाराशी असली तरी डोळे कुठेही जातात. गोणपाट रोज थोडं वेगळं पडलेलं असतं. परवा मामा चहाला गेला तेव्हा तिने ते उचललं. रेषा डाव्या टोकाला नव्हत्या. पहिल्या आकड्याच्या जागेवरून पुढे सरकल्या होत्या. काल आणखी पुढे. कुणीतरी आतून एकेक जागा चाचपत, काहीतरी शोधत निघाल्यासारख्या.

आज सकाळी मामाने ठशांची पेटी काढली. "माझ्या हाताने गेलं, माझ्याच हाताने परत येईल," तो म्हणाला. नंबर पुन्हा ठोकणार आहे, होता तिथेच, तसाच, चारासकट. त्याला वाटतं की तसं केलं की बाईंची बोटं भरून येतील. तो रात्रभर झोपलेला नाही, आईने मला सांगितलं. कशावर ठोकणार, हे मात्र त्याने अजून पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, आत्ताच, तो हातोडी शोधत होता तेव्हा. त्याला सांगायला हवं, पण माझं तोंडही त्याच्यासारखंच आहे, म्हणून मी हे आधी लिहून

हाक मारतोय. "अगं, टॉर्च घेऊन ये, उजेड धर!" जाते. एवढंच लिहिते, की त्या रेषा आता चाराच्या जागेवर येऊन थांबल्या आहेत, आणि आज तिथे एक बोट नाही, पाचही